आमच्या औषधानं कुणी मेलं नाही

ज्या डॉक्टरांविषयी मी लिहायला बसले आहे ते डॉक्टर नव्हते. सांगलीत हे बहुतेकांना ठाऊक होतं आणि त्यांनीही ते कधी फारसं लपवलं नाही. कुणी तोंडावर विचारलंच तर म्हणायचे, "मी डाक्टर न्हाई, पाटी डाक्टर हाय."

पाटी खरोखरच मोठी होती. हळदीच्या वखारींच्या ओळीत एका वखारीच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं आणि पाटी माडीच्या कठड्याची सगळी लांबी व्यापून बसली होती. 'बसरा-बगदाद अनुभवी. स्त्री-पुरुषांच्या जुनाट रोगांचे तज्ज्ञ. सल्ला टपालाने.' शेजारी नाडी पाहणारा हात रंगवला होता. रंगाऱ्यानं घाईत त्या हाताला सहा बोटं काढली होती. डॉक्टरांनी ती दुरुस्त करून घेतली नाहीत. माणसं खाली उभी राहून बोटं मोजतात आणि मोजता मोजता पाटी वाचून होते, असं त्यांचं म्हणणं.

बसरा मात्र खरं होतं. ते मूळचे मेढ्याच्या पलीकडचे, जावळीतल्या डोंगरातल्या एका वाडीचे. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले ते जखमींना उचलून दवाखान्यात नेणाऱ्या तुकडीत. तिथं मलमपट्टी शिकले, ताप बघायला शिकले, थोडं इंग्रजी कानावर पडलं. परत येताना त्यांनी साहेब लोक घालतात तशी एक सोला हॅट आणली. माझ्या काळात ती हॅट पंचवीस वर्षांची जुनी होती आणि तिच्या कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या. जाहिरात लिहायला बसले की ते ती घरातसुद्धा डोक्यावर चढवत आणि माडीवर येरझाऱ्या घालत वाक्यं जुळवत. पत्रं वाचायची वेळ झाली की काढून खुंटीला लावत. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, जाहिरात लिहिताना मी साहेब असतो, पत्र वाचताना नसतो.

चहा घेत नसत. मीठ घातलेलं गरम पाणी पीत. मिरजेहून दुपारची गाडी आली की तिची शिट्टी माडीवर ऐकू यायची, ती झाल्याशिवाय जेवत नसत. गाडीला दोन तास उशीर झाला तर दोन तास उपाशी. लग्न केलं नव्हतं. त्याविषयी विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती रोगी म्हणून. मला तेव्हा तेविसावं वर्ष होतं आणि पाच वर्षांपूर्वी ओठांच्या कडेला आणि दोन्ही हातांच्या बोटांवर कोड उठलं होतं. आम्ही जैन. माझा भाऊ एका हळदीच्या पेढीवर मुनीम होता. घरात खाऊनपिऊन सुखी होतो, पण मला बघायला आलेले तीन पाहुणे चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत. वर्तमानपत्रांत पांढऱ्या डागांवर ज्या ज्या औषधांच्या जाहिराती यायच्या, त्यांतली चार औषधं मी व्ही. पी.नं मागवली होती. एकानं कातडी भाजली, बाकीच्यांनी काहीच झालं नाही. डॉक्टरांचीही तशी जाहिरात होती, आणि ते तर आमच्याच गल्लीत. भाऊ मला घेऊन गेला.

डॉक्टरांनी माझे हात खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले. मग म्हणाले, "हे जायाचं न्हाई. माझ्या औषधानं न्हाई आन् कुणाच्याच न्हाई. उगा पैसे घालवू नका."

भावाला राग आला. मग वर्तमानपत्रात छापता कशाला, असं त्यानं विचारलं.

"ते टपालानं येणाऱ्यांसाठी हाय," डॉक्टर म्हणाले. "तुमी जिना चढून आलाय."

एवढं बोलून त्यांनी मला शिक्षण विचारलं. मी साताऱ्याला मामाकडं राहून इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले होते. ते ऐकल्यावर त्यांनी कोपऱ्यातली एक पत्र्याची ट्रंक ओढून माझ्यापुढं उघडली. महाबळेश्वरला कुणा म्हाताऱ्या मडमेच्या बंगल्याचा लिलाव झाला होता, त्यात त्यांनी ही ट्रंक घेतली होती. आत विलायती साप्ताहिकं होती, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, काठ पिवळे पडून तुकडे होऊ लागलेली. त्यातल्या बातम्यांशी डॉक्टरांना कर्तव्य नव्हतं. त्यांना हव्या होत्या जाहिराती. फिकट आणि घाबरट बायकांसाठी गोळ्या, कमरेला बांधायचे विजेचे पट्टे, थकलेल्या मेंदूसाठी काढे, आणि कल्लेदार मिशांचे तज्ज्ञ डॉक्टर, वाचणाऱ्याकडं बोट रोखून बसलेले. प्रत्येक जाहिरातीखाली बऱ्या झालेल्या माणसांची पत्रं. डॉक्टरांना इंग्रजी बोललेलं कळे, छापलेलं वाचताना अडखळायला होई. हे सगळं मराठीत करून द्यायचं, ही माझी नोकरी.

लोक मला त्या वेळी काय म्हणत होते ते मला ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर मला ते काम अतिशय आवडलं. कुठल्याशा विलायती गावातल्या खलाशाच्या विधवेला सात वर्षं जिना चढवत नव्हता. मी तिला शिरवळला आणलं, तिचा नवरा जिवंत केला आणि तिला जातं ओढवेनासं केलं. मग दोन बाटल्यांत ती बरी झाली. डॉक्टरांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी हॅटवाल्या डोक्यानं मान हलवली.

"जातं नको. जातं ओढणारी बाटली कुठनं घेणार? शिवणाचं मिशीन घाला."

मी मशीन घातलं. त्या महिन्यात शिरवळ, वाई, फलटणकडून इतकी पत्रं आली की बाटल्या भरायला येणाऱ्या दोन बायकांना आम्हाला रविवारीही बोलवावं लागलं. मिशाळ विलायती डॉक्टरांपैकी एकाच्या चित्राचा डॉक्टरांनी ठसा करून घेतला आणि 'आमचे लंडनचे गुरुवर्य' म्हणून तो बाटलीच्या लेबलावर छापला. त्या गृहस्थाला जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील.

बाटलीत होतं ते सांगते, आता त्याचं गुपित राहिलेलं नाही. बडीशेप, ओवा, सुंठ, गूळ आणि चिमूटभर मंडूर, म्हणजे लोखंडाच्या गंजाचं भस्म. बायकांच्या बाटलीत थोडा गुलाबी रंग. प्रत्येक घाण्यातला एक चमचा डॉक्टर स्वतः घेत, थोडा वेळ थांबत आणि मगच बाटल्या भरायला सांगत. त्यांना त्या औषधाचा एकच अभिमान होता आणि तो ते वरचेवर बोलून दाखवत. आपल्या औषधानं कुणी बरं झालं असेल-नसेल, पण आपल्या औषधानं कुणी मेलं नाही.

आणि ते तसं राहावं म्हणून त्यांनी एक नियम केला होता. पत्रात रक्ताचा उल्लेख असेल, कुठं गाठ असेल, किंवा रोगी वर्षाच्या आतलं मूल असेल, तर औषध पाठवायचं नाही. आलेली मनिऑर्डर परत करायची आणि एक छापील कार्ड धाडायचं. कार्डावर दोनच ओळी होत्या. हा रोग आमच्या औषधाच्या पलीकडचा आहे, विलंब न लावता मिरजेच्या दवाखान्यात जावे. आम्ही त्याला 'मिरजेचं कार्ड' म्हणत असू. आठवड्याला पाच-सहा तरी जायची. धंद्यात नुकसान करणारा हा नियम कशासाठी, असं माझा भाऊ एकदा त्यांना म्हणाला. त्यावर ते म्हणाले, "मी बसऱ्याला रक्त बघितलंय. त्येला बडीशेप चालत न्हाई."

दुसरा नियम पत्रांचा. आलेलं प्रत्येक पत्र उत्तर गेल्यावर एका पोत्यात जाई आणि अमावास्येला सकाळी ते पोतं न्हाणीतल्या बंबात जळे. एक चिठ्ठीसुद्धा मागं ठेवायची नाही. कुणाच्या पत्रावरून माडीवर कुणी हसलं तर त्याला त्या दिवशी घरी पाठवत. बाटल्या भरणारी एक बाई अशीच कायमची गेली. लोकांची अब्रू आपल्याकडं ठेव म्हणून आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

वर्षभरात त्यांनी माझ्यासाठी एक नवीन माणूस तयार केला. जाहिरातीत एक ओळ वाढली: 'स्त्रियांनी डॉ. विमलाबाई यांस निःसंकोच लिहावे.' डॉ. विमलाबाई म्हणजे मी. त्या दिवसापासून बायकांची पत्रं डॉक्टरांनी हातात घेतली नाहीत. परक्या बाईचं दुखणं पुरुषानं वाचू नये, तुम्हीच वाचा, तुम्हीच उत्तर द्या, आणि रक्त दिसलं की कार्ड. एवढंच मला सांगितलं. माझं एकही उत्तर त्यांनी तपासलं नाही.

बायका काय काय लिहीत ते मी इथं लिहिणार नाही. पण मला त्यातून काय मिळत होतं ते सांगायला हवं. घराबाहेर पडताना मी पदर तोंडावरून ओढून घेत असे. देवळात बायका माझ्या शेजारी बसताना लुगडं आवरून घेत. आणि इथं मला रोज दहा बायका 'तीर्थरूप डॉक्टरीणबाईंच्या चरणी' असं लिहीत होत्या. त्यांना माझे हात दिसत नव्हते. हळूहळू मी विमलाबाईंना संसार दिला. नवरा पुण्याला मोठा डॉक्टर, दोन मुलगे. थोरला हुशार, धाकटा खोडकर. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

हौसाबाईंचं पहिलं पत्र आलं तेव्हा दुसरी लढाई संपत आली होती. त्या कवठे महांकाळच्या बाजूच्या एका गावातल्या. शेत कोरडवाहू, नवरा सरळ पण रागीट, एकच मुलगी, दहा वर्षांची, फार उशिरा झालेली. माहेरी चौथीपर्यंत शिकल्या होत्या, म्हणून पत्र स्वतः लिहिलं होतं. अक्षर मोठं, ओळी चढत जाणाऱ्या. अंगात शक्ती राहिली नाही, कंबर भरून येते, असं होतं. मी बाटली पाठवली आणि पालेभाजी खा, दुपारी थोडं आडवं व्हा, असं लिहिलं.

त्यांचं उत्तर आलं. बाटलीविषयी दोन शब्द आणि बाकी सगळं पान पत्राविषयी. आपल्याला कुणी दुपारी आडवं व्हायला सांगितलं असं जन्मात पहिल्यांदाच घडलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढच्या पत्रापासून मी त्यांची 'आक्का' झाले. मुलीला शाळेत ठेवू का विचारलं, मी ठेवा म्हटलं, आणि त्यांनी नवऱ्याशी भांडून ठेवलं. माझ्या धाकट्याचा खोकला कसा आहे असं त्या विचारत. नसलेल्या मुलाचा खोकला बरा झाल्याचं मी कळवत असे.

चौथ्या पत्रात त्यांनी लिहिलं की पाळी जाऊन दोन वर्षं झाली, पण आता अधूनमधून अंगावरून तांबडं जातं. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते.

कार्डांचा गठ्ठा माझ्या उजव्या हाताशी होता. मी एक कार्ड काढलं, त्यावर पत्ताही लिहिला. मग मनात आलं, कार्ड गेलं की ही पुन्हा पत्र लिहिणार नाही. कार्डावर विमलाबाईंची सही नसते. वर्षभर जिला आक्का म्हटलं तिनं छापील दोन ओळी धाडल्या, असं तिला वाटेल. मी ते कार्ड फाडलं आणि लांबलचक पत्र लिहिलं. उष्णतेनं असं होतं, विश्रांती घ्या, दुप्पट मात्रा घ्या.

त्यानंतर दोन पत्रं आली. दुसऱ्यात त्यांनी सरळ विचारलं होतं: आक्का, मी मिरजेला जाऊ का? शेजारची म्हणते जा. पण तिथं पुरुष डॉक्टर तपासतात म्हणतात. तुम्ही सांगाल तसं करीन.

मी लिहिलं, 'घाई करू नये. आम्ही आहोत.'

हे वाक्य मी आजवर कुणाला जसंच्या तसं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर पत्र आलं नाही. आल्या त्या स्वतःच. दुपारची वेळ होती, डॉक्टर आतल्या खोलीत होते. जिन्यावर पावलं वाजली, मध्येच थांबली, पुन्हा वाजली. नवऱ्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच वर आणलं. माझ्यासमोरच्या बाकावर त्या टेकल्या. तोंड पांढरंफटक होतं, माझ्या कोडासारखं नव्हे, कागदासारखं. श्वास पुरला तेव्हा म्हणाल्या, कवठ्याकडनं आलोय, डॉक्टरीणबाईंना भेटायचं आहे.

मी हात पदराखाली घेतले. म्हणाले, "त्या पुण्याला गेल्यात. मी इथली कारकून."

त्या मान खाली घालून कपाळाचा घाम पुसू लागल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि मुलीला कुणाकडं ठेवलंत?"

मुलीविषयी त्या आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. ओठांकडं पाहिलं, पदराकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "जावंकडं हाय," आणि मान खाली घातली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी एकदाच त्या बाईकडं पाहिलं, काही विचारलं नाही, खाली जाऊन टांगा बोलावला. गाडीची शिट्टी अजून झालेली नव्हती आणि ते जेवलेले नव्हते. नवऱ्याला पुढं टांगेवाल्याशेजारी बसवलं आणि स्वतः मागं हौसाबाईंना आधार देत बसले. अनवाणीच गेले. टांगा मिरजेच्या रस्त्याला लागलेला मी कठड्यावरून पाहिला.

परत आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, आता घरी न्या. आठ महिन्यांपूर्वीच मी ते कार्ड फाडलं होतं.

डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच होता.

"बाई, त्यांनी तुमाला रक्ताचं लिवलं होतं का?"

पत्रं जळून गेली होती. एकही उरलं नव्हतं. हे माझ्या डोक्यात प्रश्न पुरा व्हायच्या आत आलं, आणि ते इतक्या लवकर आलं याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी म्हणाले, "नाही. अशक्तपणाचं लिहिलं होतं."

"बरं," असं म्हणून ते आत गेले.

हौसाबाई दीड महिन्यानं गेल्या. नवरा सांगायला आला होता. मी माडीवर होते, पण आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर त्याच्या पायाशी वाकले असावेत, कारण तो अहो, असं करू नका, असं म्हणत होता. चूक माझी आहे, माझ्या औषधावर तुम्ही वर्ष घालवलंत, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यानं ते मान्य केलं नाही. बायकोनंच दुखणं लपवलं, मला सांगितलं नाही, तुम्हालाही लिहिलं नाही, तिच्याच हट्टानं ती गेली, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा राग जास्त होता. मी भिंतीला टेकून बसले होते. उठून बाहेर जायला चार पावलं लागली असती.

डॉक्टरांनी त्या आठवड्यापासून हॅट घातली नाही. जाहिराती देणं बंद केलं. मग एक दिवस शेवटची म्हणून एक जाहिरात स्वतःच्या हातानं लिहिली आणि पैसे भरून साप्ताहिकाला धाडली. त्यांचं अक्षर फार वाईट होतं, तरी मला त्यांनी लिहायला सांगितलं नाही. आमच्या औषधात बडीशेप, ओवा आणि गूळ आहे, त्यानं कोणताही रोग बरा होत नाही, आम्ही डॉक्टर नाही, ज्यांना रक्त अगर गाठ असेल त्यांनी आजच्या आज दवाखान्यात जावे, असा मजकूर होता. संपादकांचा विश्वास बसेना, त्यांनी माणूस पाठवून खात्री करून घेतली आणि छापलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्याकडं पूर्वी कधी आली नव्हती इतकी मागणी आली. इतका खरं बोलणारा माणूस दुसरा पाहिला नाही, तरी दोन बाटल्या धाडाव्यात, अशी पत्रं. डॉक्टर ती एकेक वाचत आणि प्रत्येकाला मिरजेचं कार्ड धाडत, खोकला असो की केस गळणं असो. छापलेली कार्डं संपली तेव्हा पाटी उतरवली.

मला साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा मिळत होती. तिथं दाखला लागत होता. डॉक्टरांनी तो लिहून दिला. 'कामात चोख, स्वभावाने प्रामाणिक.' मी घडी घातली आणि घेतला. त्याच दाखल्यावर मला नोकरी लागली. मुलींनी माझ्या हातांकडं पहिले आठ दिवस पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं.

साताऱ्याहून मेढा काही लांब नाही. डॉक्टर गावी परतलेत हे मला ठाऊक होतं. तरी मला तिथं जायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत स्वातंत्र्य आलं, शाळेत साखर वाटली, गांधीजी गेले, भाऊ घर बदलून गेला, आणि प्रत्येक सुट्टीच्या आधी मी जायचं ठरवत असे.

शेवटी एका शनिवारी दुपारच्या मोटारीनं गेले. मोटार उतरल्यावर त्यांचं घर विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "कोण, सातारा डाक्टर व्हय?" त्या भागात त्यांना हेच नाव पडलं होतं. डोंगरातल्या वाड्यांतून फिरायचे, कुणाला ताप असो, कुणाचा पाय सुजलेला असो, काही औषध द्यायचे नाहीत. साताऱ्याला चल म्हणायचे, आणि जो तयार होई त्याला स्वतः घेऊन सरकारी दवाखान्यात बसवून यायचे. लोक त्यांना चुकवायला लागले होते, असंही तो म्हातारा हसून म्हणाला.

ते पुतण्याच्या घरी सोप्यात बसले होते. फार वाळले होते. मला पाहून बसायला घोंगडं टाकलं, गुळाचं पाणी आणायला सांगितलं. पाणी येईपर्यंतही मी थांबले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. चौथ्या पत्राचं सांगितलं, फाडलेल्या कार्डाचं सांगितलं, पण मिरजेला जाऊ का या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते तेव्हाही सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "ठावं हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्यांनी टांग्यातच सांगितलं, रक्ताचं लिवलं होतं त्येबी. म्हनल्या, त्या कारकूनबाईच आमच्या आक्का. तोंडानं वळखू आल्या न्हाईत, पोरीचं इचारलं तवा कळलं. त्यांना लाज वाटली असंल, तुमी काय बोलू नगा."

टांग्याच्या आवाजात पुढं बसलेल्या नवऱ्याला ते ऐकू गेलं नव्हतं.

पाण्याचे तांबे आले. घरातली बाई ते ठेवून आत गेली. मग मी विचारलं की सगळं ठाऊक होतं तर दुसऱ्या दिवशी मला का विचारलंत.

"तुमी व्हय म्हनला असता तर दोगांनी मिळून त्या मानसापुढं गेलो असतो," ते म्हणाले. "तुमी न्हाई म्हनला. मग मी एकला गेलो."

दाखल्यात प्रामाणिक का लिहिलंत, असं मी त्यांना विचारू शकले असते. विचारलं नाही. ते मला पोचवायला मोटारीपर्यंत आले. वाटेत दोन-तीनदा दम खायला थांबले. मोटारीपाशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्या माणसाला अजून वाटतं बायकोनं लपवलं. पोरीलाही तो तेच सांगतो. त्याला लिहा.

मी त्याच आठवड्यात लिहिलं. इतकी वर्षं मी रोज दहा-दहा पत्रं लिहिली होती, पण या एका पत्राला मला तीन दिवस लागले. विमलाबाई नावाचं कुणी नव्हतं, ती मी होते. तुमच्या पत्नीनं मला सगळं स्पष्ट लिहिलं होतं. मिरजेला जाऊ का असं विचारलंही होतं. मी जाऊ नका असं कळवलं. त्यांनी काही लपवलं नाही. खाली पहिल्यांदाच माझं खरं नाव घातलं आणि शाळेचा पत्ता दिला.

उत्तर महिन्याभरानं आलं. मुलीनं लिहिलं होतं. तेरा-चौदा वर्षांची असेल तेव्हा. अक्षर मोठं होतं आणि ओळी चढत गेल्या होत्या. पत्र पोचलं, असं होतं. बापूंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग आईच्या तसबिरीपुढं जाऊन बसले, जेवायला उठले नाहीत. आता आईला काही बोलत नाहीत. मी सातवीत आहे.

त्याखाली जागा सोडून एक ओळ होती. बापूंनी सांगितलं आहे की यापुढं आमच्या घरी पत्र धाडू नये.

मी धाडलं नाही.